पेटीच्या कानाला पियानो

लातूरच्या माझ्या एका मित्राची मागणी नेमकी आहे. दिवसा तो कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, गुरुवारच्या भजनात पेटीवर बसतो, आणि त्याचा कान भीमसेन, कुमार, किशोरीताई यांच्या ध्वनिमुद्रणांवर घडलेला आहे. त्याचं म्हणणं असं : "पियानो ऐकायचाय. पण बोटांची कसरत नको. गाणं पाहिजे, अन् ऐकताना आत काहीतरी हललं पाहिजे. काय ऐकू, कुणाचं ऐकू अन् आधी कुठलं ऐकू, तेवढं सांग."

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. राग ओळखणारी, पखवाजाचा ठेका कळणारी, बैठकीत योग्य जागेवर दाद देणारी माणसं नांदेड-लातूरकडे पुष्कळ आहेत. नाथराव नेरळकर नांदेडातूनच वर आले. पियानो मात्र आपल्या वाट्याला आला नाही. तारांचा, लाकडी, खरा पियानो या दोन शहरांत मला तरी कुठे दिसलेला नाही. दिसतो तो गॅदरिंगमधला आणि ऑर्केस्ट्रातला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. म्हणजे पियानो इथे पोचतो तो ध्वनिमुद्रणातूनच, आणि म्हणून ध्वनिमुद्रण कोणतं निवडायचं यावरच सगळं अवलंबून आहे. पहिलंच चुकीचं हाती आलं तर माणूस "आपल्याला नाही जमत हे" म्हणून कायमचा मागे फिरतो.

तयार याद्या खूप मिळतात. त्या बहुतेक संगीतकारांच्या काळानुसार किंवा प्रसिद्धीनुसार लावलेल्या असतात : आधी बाख, मग मोझार्ट, मग बेथोव्हन. आपल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. आपण "शुद्ध कल्याण ऐकला" म्हणत नाही, "भीमसेनांचा शुद्ध कल्याण ऐकला" म्हणतो. पियानोतही तेच आहे. स्वर लिहून ठेवलेले असतात, म्हणून सगळे वादक सारखंच वाजवत असतील असा समज आपल्याकडे आहे, तो आधी सोडायला हवा. म्हणून या आढाव्यात रचनेइतकाच वादक महत्त्वाचा धरला आहे आणि कसोटी एकच ठेवली आहे : पियानो कुठे गातो?

ही कसोटी वरवर साधी वाटते, पण पियानोच्या दृष्टीने ती फार कठीण आहे. फ्लोरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य घडवलं. पट्टी दाबली की नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो. वादकाला तो वाढवता येत नाही, हलवता येत नाही, दुसऱ्या स्वराकडे घसटत नेता येत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. पेटीतही मींड नाही, पण भाता चालू आहे तोवर पेटीचा स्वर टिकतो. पियानोकडे तेवढंही नाही.

पेटीवर याच कारणाने काय काय आलं ते आपल्याला माहीत आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप दोन होते : पट्ट्यांमध्ये ठरवून दिलेले बाराच स्वर, आणि मींडेचा अभाव. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो हे खरंच आहे. तो वाद अजून संपलेला नाही. २०२२ मध्ये अकाल तख्ताने अमृतसरच्या दरबार साहिबात पेटी टप्प्याटप्प्याने कमी करून तंतुवाद्यं परत आणायला सांगितलं. आणि तरीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर या माणसांनी त्याच पेटीतून गाणं काढलं. नांदेडला हुजूर साहिबात कीर्तनाला बसा : रागींच्या बोटांखाली पेटी असते, आणि गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची ६१ पदं आहेत ते नामदेव तिच्या साथीने गायले जातात. तिथे कुणाला मींड कमी पडल्यासारखी वाटत नाही. संतूरवरही मींड नाही म्हणून शिवकुमार शर्मांना सुरुवातीला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. संतूर तर पियानोचा जवळचा नातेवाईक. दोन्हींत तारेवर आघातच होतो.

तेव्हा पेटी आणि संतूर मनापासून ऐकलेल्या माणसाला पियानो परका वाटायचं कारण नाही. मोठे पियानोवादक करतात ते हेच : विरत जाणाऱ्या स्वराच्या शेपटाशी पुढचा स्वर इतक्या मापाने लावतात की कानाला मध्ये दुवा आहे असं वाटतं. पहिला स्वर जेवढा मावळला असेल तेवढ्याच वजनाने दुसरा यावा लागतो. हे साधलं की पियानो गातो, आणि नाही साधलं की टणटणाट.

पहिलं ध्वनिमुद्रण

माझ्या मते सुरुवात शूबर्टपासून करावी. आणि त्यातही एकाच रचनेपासून. १८२७ साली लिहिलेल्या ओपस ९० मधल्या चार इम्प्रॉम्प्टूंपैकी ही तिसरी, जी फ्लॅट मेजरमधली. वाजायला साधारण सहा मिनिटं. मित्राच्या भाषेत सांगायचं तर सा काळी तीन. चाल सुरू होते गंधारावर, म्हणजे काळी पाचवर, आणि कितीतरी वेळ तिथून हलतच नाही. एक लांब, दोन आखूड, पुन्हा तोच स्वर. पेटी पुढ्यात घेऊन ही ओळ काढायला बसलं तर पहिल्या दोन मिनिटांत जमते, इतकी साधी आहे.

मग ती इतकी भिडते का? कारण गंधार तोच राहतो आणि त्याच्या खालची जमीन बदलत जाते. आपल्याकडे सा ठरला की तो मैफल संपेपर्यंत हलत नाही. स्वर त्याच्याभोवती फिरतात. इथे डावा हात खालचा आधार सतत बदलत असतो, आणि तोच एक गंधार कधी निवांत वाटतो, कधी कासावीस. पाश्चात्त्य संगीतातली हार्मनी ही काय वस्तू आहे ते समजायला मला यापेक्षा सोपं उदाहरण माहीत नाही. पुस्तक वाचायची गरज नाही, खालच्या स्वरांकडे कान ठेवला की पुरे.

आता उजव्या हाताकडे पाहा. चाल वाजते ती मुख्यतः करंगळीवर, हाताच्या सगळ्यात दुबळ्या बोटावर. त्याच हाताची बाकीची बोटं मधल्या पट्टीत अखंड लहरत असतात, एक क्षणही न थांबता. ती लहर इतकी हलकी राहिली पाहिजे की वरच्या चालीवर तिची सावलीसुद्धा पडू नये. एकाच हाताने गवयी आणि साथीदार दोन्ही व्हायचं, आणि साथीदाराने पायरी सोडायची नाही. रचनेच्या मधल्या भागात सा काळी दोनवर सरकतो, गंधार कोमल होतो, खर्जातून गुरगुर ऐकू येते. पट्ट्या बऱ्याचशा त्याच, षड्ज बदलला म्हणून रंग बदलला. मूर्च्छनेची कल्पना ज्याला ठाऊक आहे त्याला हे चटकन उमगेल. मग पुन्हा तोच जुना गंधार येतो, आणि मधलं सगळं ऐकून झाल्यावर तो पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

हे राडू लुपूचं ऐकावं, डेक्का कंपनीने काढलेलं. लुपू (१९४५–२०२२) रोमानियाचा. पियानोच्या नेहमीच्या स्टुलाऐवजी पाठ असलेल्या साध्या खुर्चीवर बसून वाजवायचा. त्याच्या हाताखाली मधली लहर जवळजवळ श्वासासारखी चालते. मारिया झुआंव पिरेशचंही फार सुंदर आहे, थोडं अधिक उघडं, अधिक दुखरं. पण आधी लुपू.

तिसरा वादक नोंदवतो, कारण त्याची गोष्ट रेकॉर्डवर कायमची उतरलेली आहे. दिनू लिपाटी, हाही रोमानियाचा, जन्म १९१७. हॉजकिन्स नावाच्या रक्ताच्या आजाराने तो खंगत चालला होता. १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधल्या बेझान्सों गावात त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. डॉक्टरांचा विरोध होता. त्याने बाखची पार्टिटा वाजवली, मोझार्टचा ए मायनर सोनाटा वाजवला, शूबर्टच्या दोन इम्प्रॉम्प्टू वाजवल्या, त्यांतली एक हीच. मग शोपँचे चौदा वॉल्ट्झ ठरले होते. तेरा झाले, चौदाव्याला अंगात बळ उरलं नाही. तो उठून गेला, परत आला, आणि बाखचं एक प्रार्थनागीत वाजवून त्याने कार्यक्रम संपवला. २ डिसेंबरला तो गेला, वय ३३. शेवटच्या प्रार्थनागीताची ध्वनिफीत हाती लागलेली नाही, पण बाकीचा कार्यक्रम मिळतो. मला त्या मुद्रणात सगळ्यात जास्त हलवते ती त्याची स्वच्छता. कुठेही दयेची याचना नाही, लय ढासळत नाही, स्वर जागच्या जागी. ही कहाणी माहीत नसतानाही ते उत्तमच वाजवणं आहे, आणि म्हणूनच ते सुचवावंसं वाटतं.

शोपँ : ठेका आणि मोकळा सूर

शोपँचं नाव (१८१०–१८४९) यादीत असणारच. प्रश्न एवढाच की त्याचं काय आणि कुणाचं. तो विद्यार्थ्यांना सांगे की पियानो शिकायचा तर मोठे गायक ऐका. बेलिनीच्या ऑपेरांवर त्याचा जीव होता. त्याच्या शिष्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. डावा हात लय सोडत नाही, उजवा मात्र त्या लयीत मोकळा असतो : मागे रेंगाळतो, पुढे झेपावतो, आणि बरोबर ठिकाणी येऊन मिळतो. विलंबित ख्यालात ठेका आपल्या जागी चाललेला असतो, गवयी त्यावर अलगद तरंगत समेला येतो, तेच हे. त्याला रुबाटो म्हणतात. भीमसेनांचा विलंबित ऐकणाऱ्याला ते समजावून सांगायला लागत नाही.

शोपँच्या २१ नॉक्टर्न्स म्हणजे रात्रीची गाणी. सगळीकडे वाजते ती ओपस ९ मधली दुसरी. इतकी वाजते की आता तिच्यात काही ऐकू येणं अवघड झालंय. त्याऐवजी ओपस २७ मधली दुसरी, डी फ्लॅट मेजरमधली, सा काळी एक. सुरुवातीला एकटा सूर; थोड्या वेळाने त्याच्याबरोबर दुसरा सूर येतो आणि दोघं जोडीने गाऊ लागतात, एकाच हातात. तीव्र दुःख हवं असेल तर ओपस ४८ मधली पहिली. 'द पियानिस्ट' हा २००२ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी सी शार्प मायनरमधली, शोपँच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली नॉक्टर्न ऐकलेली आहेच. चित्रपट तिच्यावरच उघडतो.

वादक : आर्थर रुबिनस्टाईनने १९६५ आणि १९६७ मध्ये आरसीएसाठी केलेला संच पहिला घ्यावा. त्याच्या स्वराला भरीव गोलाई आहे आणि तो दुःखाचा देखावा करत नाही. काहींना तो कोरडा वाटतो. मला तो घरंदाज वाटतो. इव्हान मोरावेत्सचा १९६५ चा संच त्याहून संथ, प्रत्येक स्वर निरखून ठेवलेला. पिरेशचा १९९० च्या दशकातला संच अस्वस्थ करतो, आणि ज्या मित्राने "आत काहीतरी हललं पाहिजे" म्हटलं त्याला मी शेवटी तिथेच पोचवीन. पण क्रम हाच ठेवावा. आधी चाल नीट कळली, मग तिच्यातली तगमग कळते.

शोपँच्या माझुर्का आत्ता नकोत. त्या पोलंडच्या लोकनृत्यांतून आलेल्या, त्यांत तीव्र मध्यम मधेच डोकावतो, लय तिरकी चालते. फार मोलाच्या आहेत, पण दुसऱ्या वर्षाला.

वाद्यवृंदाबरोबरचा पियानो

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. कॉन्चेर्टो अर्धा तास चालतो आणि आपला नवखा श्रोता पहिल्या भागातच थकतो. म्हणून मी बिनदिक्कत सांगतो : आधी नुसता मधला भाग ऐका. शुद्धतावादी रागावतील. पण नुसती चीज ऐकून रागाकडे गेलेले कितीतरी उत्तम रसिक आपल्यात आहेत.

मोझार्टचा २३ वा कॉन्चेर्टो, के. ४८८, १७८६ सालचा. मधला आडाजिओ एफ शार्प मायनरमध्ये. म्हणजे पुन्हा काळी तीन, आता कोमल गंधारासह. मोझार्टने या सुरात लिहिलेला हा एकमेव भाग. वाद्यवृंद गप्प असतो, पियानो एकटाच सुरू करतो, आणि स्वर इतके थोडे की लहान मूलसुद्धा वाजवील. वाजवणं सोपं आणि गाणं अशक्यप्राय, असा हा प्रकार. मरे पराहियाने इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं मुद्रण घ्यावं. मोझार्ट आपल्या घरात फार आधी येऊन गेला आहे हेही जाता जाता आठवावं : 'छाया' (१९६१) मधल्या तलत-लताच्या द्वंद्वगीतासाठी सलील चौधरींनी त्याच्याच चाळिसाव्या सिंफनीचा मुखडा घेतला होता.

राव्हेलचा जी मेजर कॉन्चेर्टो, पहिला प्रयोग १९३२. त्याचा मधला भाग मला या सगळ्या आढाव्यातली सर्वांत लांब श्वासाची चाल वाटते. सुमारे तीन मिनिटं पियानो एकटा गातो. चाल कुठे थांबत नाही, स्वतःची पुनरुक्ती करत नाही, आणि पुढचा स्वर कुठला येणार ते कळत नाही, पण आल्यावर दुसरा कुठला येऊच शकला नसता असं वाटतं. मग बासरी आत येते. पुढे इंग्लिश हॉर्न ती चाल उचलतो आणि पियानो तिच्याभोवती नक्षी विणत राहतो, मुख्य गवयी साथीला बसावा तसा. आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेलीचं १९५७ चं मुद्रण. या एका भागासाठी दुसरं नाव घ्यायची मला गरज वाटत नाही.

रखमानिनोव्हचा दुसरा कॉन्चेर्टो सरळसरळ भावनेचा आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १८९७ मध्ये त्याची पहिली सिंफनी सपशेल पडली, आणि तो इतका खचला की लिहिणं थांबलं. डॉ. निकोलाय दाल यांच्या संमोहन-उपचारांनंतर तो सावरला. १९०१ मध्ये हा कॉन्चेर्टो संपूर्ण वाजला आणि त्याने तो त्या डॉक्टरांनाच अर्पण केला. स्वियातोस्लाव्ह रिख्टरचं वॉर्सामधलं, १९५९ चं मुद्रण ऐकावं. सुरुवातीचे ते आठ आघात, हळूहळू मोठे होत जाणारे, रिख्टर इतक्या धीम्या लयीत वाजवतो की पुढे वाद्यवृंद फुटतो तेव्हा माणूस जागच्या जागी ताठ होतो. हा मात्र पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत सलग ऐकावा.

बाख, आणि एकाच माणसाची दोन वयं

बाख भावनाशून्य असतो असं ऐकून बरेच जण त्याला टाळतात. त्याच्यावर उतारा म्हणजे गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधला पहिला आरिया, ग्लेन गूल्डने वाजवलेला; आणि तो दोनदा. १९५५ मध्ये, वयाच्या विशीत, त्याने ही सगळी रचना ३८ मिनिटांत संपवली. १९८१ मध्ये पुन्हा मुद्रित केली तेव्हा ५१ मिनिटं लागली, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. दोन्ही आरिया पाठोपाठ लावा. पहिल्यात तरुण माणूस वाटेवरून चालला आहे. दुसऱ्यात प्रत्येक स्वर उचलून पाहून ठेवला जातो आहे. लय बदलली की बंदिशीचा अर्थ बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मागे बारीक गुणगुण ऐकू येईल. ती गूल्डची, वाजवताना तो गात असे आणि मुद्रणकारांना ते काढता आलं नाही. रसिकांची तक्रार असते, माझी नाही. त्यानंतर २५ वं व्हेरिएशन ऐकावं, आणि मग जेव्हा केव्हा सवड होईल तेव्हा सगळं.

बाखच्याच प्रार्थनागीतांची पियानोसाठी केलेली रूपं सोपी वाट आहेत. मायरा हेसने केलेलं रूप सर्वांत प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीत, चित्रं सुरक्षित जागी हलवलेली असताना, तिने दुपारचे कार्यक्रम सुरू केले आणि युद्ध संपल्यावरही काही काळ ते चालवले. विल्हेल्म केम्फचे असे संच शांत, साधे, देवघरातल्या आवाजात वाजवलेले आहेत. सिलोटीने केलेलं बी मायनर प्रिल्यूडचं रूप एमिल गिलेल्सकडून ऐकावं. भजनाला बसणाऱ्या माणसाला हे परकं वाटणार नाही.

बेथोव्हनबद्दल मी सावध आहे. 'मूनलाइट' सोनाटा (१८०१) सगळ्यांना माहीत असतो. ते नाव त्याचं नव्हे, त्याच्या मृत्यूनंतर एका समीक्षकाच्या उपमेवरून चिकटलेलं आहे, आणि त्या नावामुळे लोक तो नको तितका संथ, नको तितका गोड वाजवतात. त्याऐवजी 'पाथेतीक' सोनाटाचा दुसरा भाग, केम्फचा. बेथोव्हनचे शेवटचे सोनाटा फार मोठे आहेत, पण त्यांच्याकडे कान तयार झाल्यावरच जावं.

बाकीचे भरभर : ब्राम्सचा ओपस ११८ मधला दुसरा इंटरमेझो, १८९३ चा, क्लारा शुमानला अर्पण केलेला, वादक लुपू. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं हे लेखन, आणि ज्याने आयुष्यात काही गमावलं आहे त्याला ते लगेच कळतं. शुमानचं 'ट्रॉयमराय', होरोविट्झचं. ६१ वर्षांनी मायदेशी परतून त्याने २० एप्रिल १९८६ रोजी मॉस्कोत वाजवलं, आणि चित्रफितीत प्रेक्षागृहातला एक गृहस्थ निश्चल बसलेला दिसतो, गालावरून पाणी वाहतं आहे आणि ते पुसायचं त्याला भान नाही. ग्रीगचे 'लिरिक पीसेस', गिलेल्सचे. देबुसीचं 'क्लेर द ल्यून', वाल्टर गीझेकिंगचं. सातीची पहिली जिम्नोपेदी ऐकताना कुणाला यमनाची आठवण होईल. होऊ द्यावी, पण सगळीकडे राग शोधत बसू नये. कान त्यातच अडकतो आणि खालची हार्मनी निसटते.

काय टाळावं

लातूरच्या ट्यूशन एरियात, अभ्यासिकांमध्ये, मुलांच्या कानात हल्ली पियानो असतो : "अभ्यासासाठी पियानो", "झोपेसाठी पियानो", दहा-दहा तासांचा. मुलांना त्याने बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण तो ऐकण्यासाठी केलेलाच नाही, न ऐकण्यासाठी केलेला आहे. यिरुमाची 'रिव्हर फ्लोज इन यू' (२००१) किंवा लुदोव्हिको एनौदीच्या रचना त्याहून बऱ्या. पण दहा वेळा ऐकल्यावर त्यात नवीन काही सापडत नाही, आणि शूबर्टमध्ये पन्नासाव्या वेळीही सापडतं. ज्या मुलाला यिरुमा आवडतो त्याला हिणवू नये. त्याला जी फ्लॅट इम्प्रॉम्प्टू ऐकवावी. मधल्या बोटांची लहर तीच आहे. वर चाल आहे आणि खाली जमीन हलते, एवढाच फरक.

"सर्वोत्तम शंभर" छापाचे संच टाळावेत. त्यांत वादकाचं नाव नसतं किंवा बारीक टाइपात असतं, आणि रचना मधेच तोडलेल्या असतात.

ऐकायचं साधन हाही या प्रश्नाचाच भाग आहे. बहुतेक सगळे मोबाइलवर ऐकतात. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, म्हणजे ज्या हलत्या जमिनीबद्दल मी एवढं लिहिलं तीच गायब होते आणि उरते वरची टिणटिण. तारेचे साधे इयरफोनसुद्धा चालतील, पण स्पीकर नको. पंख्याचा आवाज आणि गंजगोलाईतला भोंग्यांचा गलका यांत पियानोचे हळू स्वर वाचत नाहीत, म्हणून वेळ रात्रीची किंवा पहाटेची. शोधताना वादकाचं आडनाव आणि रचनेचा क्रमांक दोन्ही घालावेत. नुसतं 'शोपँ नॉक्टर्न' टाकलं तर यंत्र वाट्टेल ते देतं. जुन्या मुद्रणातल्या खरखरीला घाबरू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्याने ऐकल्या त्याला ती सवयीची आहे.

प्रत्यक्ष ऐकायची इच्छा झाली तर सध्या मुंबईच गाठावी लागते. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि त्यांच्या हंगामात परदेशी पियानोवादक येतात. लातूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई, नांदेडहून नंदीग्राम आहेच. खर्चाचं काम आहे, पण सवाईला जाणारी माणसं आपल्याकडे आहेत, तेव्हा अशक्य म्हणवत नाही. तारेचा खरा स्वर मोकळ्या हवेत कसा विरतो, ते एकदा तरी यंत्राशिवाय ऐकायला हवं.

एक रचना मी मुद्दाम मागे ठेवली : शूबर्टचा शेवटचा सोनाटा, डी. ९६०, सा काळी पाच. सप्टेंबर १८२८ मध्ये पुरा केला, १९ नोव्हेंबरला तो वारला, वय ३१. एक शांत चाल सुरू होते, थांबते, आणि अगदी तळाच्या खर्जात एक कंप ऐकू येतो, अत्यंत हळू. मग चाल पुन्हा सुरू होते. पुढचं सगळं त्या कंपाला धरून चालतं. रिख्टरने १९७२ मध्ये साल्झबर्गला मुद्रित केलेला पहिला भागच २४ मिनिटांचा आहे. अनेक पाश्चात्त्य समीक्षकांना ती लय सहन होत नाही. त्यांना ती जवळजवळ थांबलेली वाटते. विलंबित एकतालात वाढलेल्या कानाला तिच्यात काही वावगं वाटणार नाही, उलट तीच बरोबर वाटेल असा माझा अंदाज आहे, आणि इथे मराठवाड्यातला श्रोता लंडनच्या श्रोत्यापेक्षा पुढे आहे असं मला खरोखर वाटतं. आल्फ्रेड ब्रेंडेल हाच भाग पंधरा मिनिटांच्या आसपास संपवतो, कारण तो सुरुवातीच्या मोठ्या खंडाची पुनरावृत्ती गाळतो आणि ती का गाळावी याची कारणंही त्याने लिहून ठेवली आहेत. मित्राने दोन्ही ऐकावीत, आधी रिख्टर. ब्रेंडेलचं पटलं तर का पटलं यावर मला त्याच्याशी भांडायचं आहे.